देवगिरीला पाऊण तास

मुहम्मद तुघलकाने 1327 साली राजधानी दिल्लीहून देवगिरीला नेली, तिचं दौलताबाद केलं आणि आपल्याला 'तुघलकी कारभार' हा शब्द दिला. बिचाऱ्याचं चुकलं एवढंच, की त्याने एखादा टूरवाला गाठला नाही. दिल्लीहून इथवर चाळीस दिवसांची वाट होती, असं इब्न बतूता लिहितो. तेवढ्यात आमच्या टूरवाल्याने दिल्लीकरांना चारधाम घडवून, वर अष्टविनायक उरकून घरी सोडलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीतल्या आमच्या बसने देवगिरीला पाऊण तास दिला होता. आधी बीबी का मकबरा, नंतर भद्रा मारुती, जेवण, वेरूळ, घृष्णेश्वर आणि मुक्कामाला शिर्डी. यादव, खिलजी, तुघलक, बहामनी, निजामशाही, मोगल. प्रत्येक राजवटीला साडेसात मिनिटं. हैदराबादचा निजाम बसमध्येच आटोपला.

किल्ला बांधणाऱ्यांनी मात्र या वेळापत्रकाला काडीचंही सहकार्य केलेलं नाही. डोंगराचा पायथा तासून सरळसोट कडा केलाय, भोवती खंदक, दरवाजांवर हत्तींसाठी अणकुचीदार खिळे. त्यातूनही आत घुसलात तर अंधारी. कातळातला हा काळाकुट्ट, वळणावळणाचा मार्ग शत्रूची गाळण उडावी म्हणून खोदलेला. आमच्या फौजेने मोबाइलचे टॉर्च पाजळून तो सर केला. घाबरली ती वटवाघळं. फक्त मधोमध एक किंकाळी उठली, "अगं बाई, इथे रेंजच नाही!"

मेंढा तोफेपाशी सेल्फीची रांग होती. चिनी महालाकडे कुणी फिरकलं नाही. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह याला औरंगजेबाने तिथे मरेपर्यंत कैदेत ठेवलं होतं. देवगिरी सवडीने बघितलेला एवढा एकच पाहुणा माझ्या माहितीत आहे.

उतरताना गाइडने 1296 ची हकिकत सांगितली. अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला. रामदेवरायाच्या माणसांनी घाईघाईत धान्याची म्हणून पोती गडावर चढवली आणि वेढ्यात उघडून बघतात तो आत मीठ! ही कथा ऐकून आमच्यातले एक निवृत्त खरेदी अधिकारी कमालीचे अस्वस्थ झाले. "पोतं फोडून बघायला काय झालं होतं? नमुना तपासणी म्हणून काही असतं की नाही? अहो, म्हणून राज्यं जातात!" खंदकापासून महाद्वारापर्यंत त्यांनी यादवांच्या भांडार विभागाची खातेनिहाय चौकशी केली आणि सर्वांना दोषी ठरवलं.

बाहेर सीताफळवाल्या बसल्या होत्या. बसचा हॉर्न वाजत होता. साहेबांनी घासाघीस करून अख्खी करंडी उचलली.

खुलताबादच्या घाटात ती उघडली. वरचा थर पिकलेला होता.