नऊ रन कमी

बारावीला मला सहाशेपैकी 443 मार्क पडले. डिस्टिंक्शन सात मार्कांनी हुकली. आई गुणपत्रिका उलटी करून मागे आणखी काही मार्क लिहिलेत का ते बघत होती, बाबा रीचेकिंगला किती पैसे पडतात याची चौकशी करत होते आणि मी मोरीच्या दाराशी उगाच बादली विसळत उभा होतो. तेवढ्यात दादरहून मामा आला. चपला काढता काढता त्याने आकडा विचारला, ऐकला, आणि दुसरी चप्पल पायात तशीच ठेवून आत येऊन मला मिठी मारली.

“ताई, चारशे त्रेचाळीस! पोराने निंबाळकर केला!”

आईला वाटलं, डिस्टिंक्शन हुकलेल्यांसाठी सरकारने काढलेला हा एखादा डिप्लोमा असावा.

भाऊसाहेब निंबाळकरांची ती इनिंग मामा अशी सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा तेव्हा स्क्वेअर लेगला उभा होता. प्रत्यक्षात मॅच डिसेंबर 1948 मधली आणि मामाचा जन्म त्यानंतर चार वर्षांनी. पुण्याला रणजीचा सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. महाराष्ट्र 4 बाद 826, निंबाळकर 443 वर नाबाद. ब्रॅडमनचा जागतिक विक्रम होता 452. म्हणजे बरोबरीला नऊ आणि मोडायला दहा. मध्यंतर झालं आणि काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, एवढा मार पुरे म्हणून पुढे खेळायलाच तयार होईनात. संघ सामान बांधून चालता झाला. “श्रीखंड वाढायला घेतलंय,” मामा म्हणतो, “आणि पंगतच उठली!” निंबाळकर पुढे एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत, हे वाक्य तो अगदी शेवटी, आवाज उतरवून, शोकसभेतल्यासारखं म्हणतो.

तेव्हापासून आमच्या घराण्यात ‘काठियावाड करणे’ हा वाक्प्रचार चालतो. नाटकाच्या मध्यंतरात वडा खाऊन घरी जाणारे काठियावाड करतात. ‘स्टेशन’ म्हटल्यावर मान हलवून निघून जाणारा टॅक्सीवाला काठियावाड करतो. मामेबहिणीचं जमत आलेलं लग्न साखरपुड्याच्या आठ दिवस आधी मोडलं तेव्हा मामी मागे हुंदके देत होती आणि मामाने फोनवर आम्हाला एवढंच सांगितलं, “काठियावाड निघून गेले.” मुलाकडचे मूळचे साताऱ्याचे होते.

तुमच्याही ओळखीत असा एक मामा असणार. भारत जिंकला की रस्त्यावर येऊन ताशा बडवणारी माणसं ती वेगळी. आमचा मामा एकाही विजयाबद्दल सलग दोन मिनिटं बोललेला मी ऐकलेला नाही. 1983 चा वर्ल्डकप काढा. “हो, जिंकलो की,” असं तो एखाद्याने उसने पैसे परत केल्यासारखं म्हणतो, “पण 183 वर ऑल आऊट झालो होतो, ते का नाही सांगत?” त्यालाच शेंदराने माखलेला एखादा पराभव द्या, विशेषतः थोडक्यात राहिलेला, की मग त्याची कळी खुलते. पिच कसं होतं, ऊन कुठून येत होतं, कोणाला कोणाच्या आधी पाठवायला हवं होतं. चहा दोनदा होतो.

त्याचं आराध्यदैवत म्हणजे 4 सप्टेंबर 1979 ची रात्र. ओव्हलची कसोटी, जिंकायला 438 हवे, गावसकर 221. मामा चाळीच्या गच्चीवर ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेला, एरियल धरायला शेजारचा एक पोरगा. शेवटी दिवस संपला, भारत 8 बाद 429. मामा खाली आला तो चेहरा उजळलेला. लग्नाला तीनच महिने झाले होते. मामीने विचारलं, “जिंकले का?”

“नाही.”

“मग हरले?”

“नाही. नऊ कमी पडले.” आणि मग, कोणी तीर्थ द्यावं तशा आवाजात, “निंबाळकरांनाही नऊच कमी पडले होते.”

आपण कुठल्या घरात येऊन पडलोय हे त्या रात्री कळलं, असं मामी अजून सांगते.

मामा स्वतः खेळलाय. म्हणजे तीन मोसम कांगा लीगमध्ये होता, खालच्या डिव्हिजनला. ही स्पर्धाही 1948 सालीच सुरू झाली, आणि मुंबईतल्या कोणाच्या तरी डोक्यातून ती निघाली हे वेगळं सांगायला नको, कारण भर पावसाळ्यात क्रिकेट खेळावं हे दुसऱ्या कुठल्या गावाला सुचणार? ओली विकेट, घोटाभर गवत, चेंडू जमिनीवरून मारला की चार पावलांवर गवतात रुतून बसतो, म्हणून उचलूनच मारावा लागतो. आझाद मैदानावर तर एका मॅचचा थर्डमॅन दुसऱ्या मॅचच्या शॉर्टलेगशी गप्पा मारत उभा असतो. तिथे मामाचा सर्वोच्च स्कोअर 41 नाबाद. मग पाऊस आला आणि मॅच गेली. पन्नासला किती कमी, ते तुम्ही मोजा. “पावसाने काठियावाड केलं,” असं तो म्हणतो, पण त्यात तक्रार नसते. उलट, पन्नास पुरे झाले असते तर त्याने पुढची पन्नास वर्षं सांगायचं काय?

पुढे तो बँकेत लागला आणि टाइम्स शील्डच्या मॅचना बँकेच्या टीमचा स्कोअरर झाला. हे काम त्याला चपखल बसलं. दोन रंगांची बॉलपेनं, पट्टी, खोडरबर, पाण्याची बाटली. स्कोअररला बॅट लागत नाही, टाळ्या वाजवायची मुभा नाही, आणि ‘थोडक्यात राहिलं’ हे सगळ्यांत आधी त्यालाच दिसतं. ती सवय घरीही आली. दुधाचा हिशोब तो उभ्या चार रेघांवर पाचवी आडवी मारून ठेवतो. मामी अबोला धरते त्या दिवशी कॅलेंडरवर बारीक ‘एम’ दिसतो, मेडनचा. सलग सहा ‘एम’ मी एकदा पाहिलेत. विचारलं तर म्हणाला, “टाकू दे तिला. आपण विकेट फेकायची नाही.” मुंबईच्या मैदानावर याला खडूसपणा म्हणतात आणि तो गुण समजतात. घरी काय समजतात ते मामीला विचारावं.

पण मामाला खरा ओळखायचा असेल तर 1991 च्या मे महिन्यात जायला हवं. रणजीची फायनल, वानखेडे, हरियाणा विरुद्ध मुंबई. शेवटच्या दिवशी 355 हवे आणि मुंबईचे 34 ला तीन गेलेले. मामाने बँकेत पोट बिघडल्याचा निरोप धाडला होता. मग पोरसवदा तेंडुलकरने 96 मारले आणि वेंगसरकर एका बाजूने उभा राहिला तो राहिलाच. शेवटची जोडी मैदानात होती, तीन रन हवे होते. कुरुविला रनआऊट. वेंगसरकर 139 नाबाद, आणि मैदानातच रडायला लागला. मुंबई दोन रनांनी हरली.

मामा घरी आला तो रात्री साडेनऊला. चर्चगेटहून दादरपर्यंत गाडीने यायचं सोडून चालत आला होता. मामीने काही न बोलता ताट घेतलं. “पोळ्या किती वाढू?”

“दोन,” मामा म्हणाला, आणि स्वतःच्याच तोंडून तो आकडा ऐकून हमसून हमसून रडायला लागला. चाळीत लोकांना वाटलं, गावाकडून तार आली.

त्याच वर्षी बँकेच्या ऑफिसरच्या परीक्षेत तो नापास झाला. किती मार्कांनी, हे सांगितलं तर मी रचून सांगतोय असं वाटेल, म्हणून सांगत नाही. एरवी माणूस असल्या गोष्टी झाकून ठेवतो. मामाने ती कँटीनपासून हेड कॅशियरपर्यंत सगळीकडे सांगितली. “मी आणि वेंगसरकर, एकाच मोसमात!” कारकून म्हणूनच रिटायर झाला, पण वेंगसरकरच्या बरोबरीने. मला हे फार उशिरा लक्षात आलं की बारावीच्या त्या दिवशी चपलेसकट आत आलेला माणूस वेडा नव्हता. सात मार्कांनी हुकलेल्या पोराला त्याने पाच मिनिटांत ब्रॅडमनच्या शेजारी नेऊन बसवलं होतं. रीचेकिंगला टाकून एवढं मिळालं नसतं.

अर्थात या वृत्तीचा त्रासही होतो. आजोबा गेले तेव्हा शहाण्णव वर्षांचे होते. जमलेले सगळे सोनं झालं, सोनं झालं म्हणत होते आणि मामा कोपऱ्यात माझ्या कानाशी लागून म्हणाला, “सचिनसारखे गेले रे. चार कमी.” मला तिथे हसू आलं आणि ते मोठ्या मावशीने पाहिलं. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

2 एप्रिल 2011 ला मी मुद्दाम मामाकडे मॅच बघायला गेलो. चाळ पाडून टॉवर झाला होता. नव्या फ्लॅटमधून शिवाजी पार्क दिसेल असं बिल्डरने सांगितलं होतं, आणि दिसतंही, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान बाहेर काढून डावीकडे वळवावी लागते. मलिंगाने सेहवागला दुसऱ्याच चेंडूवर उडवला, मग सचिन अठरावर गेला, 2 बाद 31. मामा खूष. पाय वर घेऊन बसला, मामीला पोह्यांची ऑर्डर दिली. पण पुढे मॅच हातातून निसटायला लागली, म्हणजे आपण जिंकायला लागलो, तसा तो गप्प होत गेला. धोनीने कुलसेकराला तो षटकार मारला तेव्हा खाली सगळं दादर रस्त्यावर आलं, कोणी मोटारीच्या टपावर चढलं, मामीने चक्क शिट्टी मारली. मामा वहीत डोकं घालून बसलेला. मला वाटलं, भरून आलं असेल. वाकून पाहिलं तर गंभीरच्या 97 भोवती तो लाल पेनाने चौकट काढत होता.

“तीन कमी,” तो म्हणाला. “याच्याकडे कोण बघणार आता?”

त्याला मोठा धक्का बसला तो डिसेंबर 2020 मध्ये. अॅडलेडला भारताचा डाव 36 वर आटोपला. सकाळी मीच सांत्वनाचा फोन केला, कारण एवढा देखणा पराभव झालाय म्हणजे माणूस फॉर्मात असेल असं वाटलं. मामा भडकलेला होता. “छत्तीस म्हणजे काय? एकालाही दहा करता येऊ नयेत? आणि आपला बेचाळीसचा रेकॉर्ड गेला की!” 1974 साली लॉर्ड्सवर भारताचा संपूर्ण डाव सतरा षटकांत 42 वर संपला होता. तो नीचांक शेहेचाळीस वर्षं टिकला होता आणि मामाच्या लेखी ती वडिलोपार्जित जमीन होती.

मार्च 2024 मध्ये मुंबईने वानखेडेवर विदर्भाला हरवून पुन्हा रणजी जिंकली. आठ वर्षांनी करंडक आला. तेव्हा मामा बहात्तरीला आला होता, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, दुसऱ्याचा काढायचा होता. तरी पाचही दिवस टीव्हीसमोर वही घेऊन बसला होता. 169 रनांनी जिंकलो, म्हणजे थोडक्यात वगैरे काही नाही, घसघशीत. यावर त्याला बोलण्यासारखं काय सापडणार, असा विचार करतच मी संध्याकाळी फोन लावला.

“मामा, अभिनंदन! मुंबईचं कितवं विजेतेपद झालं सांग? बेचाळीस!”

पलीकडे शांतता. मग वहीची पानं उलटल्याचा आवाज.

“बेचाळीस,” मामा म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम तरुण झाला. “त्यात एकट्या सोलकरचे अठरा होते. नॉटआऊट. समोर कोणी उरलंच नाही रे त्याच्या...”

मी खुर्ची ओढून घेतली. मागून मामी विचारत होती, चहा टाकू का.

“दोनदा टाक,” मामा म्हणाला.