तीन पाणी

भाऊंना बाजारातली कुठलीच वस्तू महाग वाटत नाही. ती उद्या महाग होणार असते. म्हणून आज घेऊन टाकली की उद्याचे पैसे वाचले, असा त्यांचा साधा हिशेब. या हिशेबानं भाऊंनी आयुष्यात इतके पैसे वाचवले, की दर महिन्याच्या वीस-बावीस तारखेला ते आमच्याकडे हजार रुपये उसने मागायला यायचे. तेही रिकाम्या हातानं नाही, दोन किलो मोसंबी घेऊन. "गाड्यावर दिसली. रसाळ आहेत, म्हटलं घेऊन टाका. राहू द्या घरात."

भाऊ सिडकोत आमच्याच ओळीत राहतात आणि वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. कंपनीच्या बसमधून उतरताना त्यांच्या हातात डबा असतो आणि डब्याच्या पिशवीत आणखी एक घडी केलेली पिशवी असते. ही दुसरी पिशवी रिकामी घरी गेली तर भाऊंना रात्री झोप लागत नाही. असा एखादा भाऊ तुमच्याही गल्लीत असणार. ओळखायची खूण एकच: त्याला "हे कशाला आणलं?" असं विचारा, तो "लागतं" म्हणेल. कधी लागतं, हे तो सांगणार नाही.

भाऊंच्या घरात मिक्सर दोन. एक चालू आणि दुसरा, पहिल्याला पार्ट लागले तर. वजनकाटेही दोन, दोन्ही वेगवेगळं वजन सांगतात आणि भाऊ कमी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवतात. उंच फांद्या छाटायची लांब दांड्याची कात्री आहे, झाड नाही. अंगणात एक तुळस आहे, ती कात्रीच्या धाकानं खुरटलेली. मराठवाड्यात पाऊस बेतानंच पडतो. पण घरात माणसं पाच आणि रेनकोट सात.

त्यांच्या आठवड्याला वारांपेक्षा बाजारच जास्त. गुरुवारी छावणीचा, रविवारी जाफर गेटचा. जाफर गेटला जुन्या पान्यांपासून पलंगाच्या पायांपर्यंत काहीही मिळतं आणि भाऊंना त्यातलं काहीही लागतं. "चाचा, लेके जाव, ऐसी चीज फिर नै मिलती," असं विक्रेता म्हणाला, की भाऊ "कितने का?" विचारतात. तिथंच व्यवहार संपलेला असतो. पुढची घासाघीस केवळ शोभेची. तीनशेची वस्तू दोनशेला मिळाली की शंभर वाचले म्हणून ते दोन घेतात. मग दोनशे वाचतात. घरी येऊन चार न घेतल्याची हळहळ.

एकदा वहिनींनी त्यांना हळद आणायला गुलमंडीवर पाठवलं. भाऊ हिमरू शाल घेऊन आले. हळद राहिली. वर इतिहास ऐकवला: महंमद तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्यामागून आलेल्या विणकरांची ही कला असं सांगतात, सूत आणि रेशमाचं विणकाम आहे, कला जगवायला नको का! इतिहास बरोबर होता, फक्त अर्धा होता. त्याच तुघलकानं पुढं चांदीच्या टंक्याच्या किमतीला तांब्या-पितळेची नाणी चालवली, लोकांनी ती घरोघरी पाडली, आणि शेवटी सुलतानाला खजिन्यातली खरी चांदी मोजून ती परत घ्यावी लागली. नसलेला पैसा खर्चायची हौस कुणाला तरी खऱ्या पैशानं फेडावी लागतेच. तुघलकाकडे तांब्याची नाणी होती, भाऊंकडे क्रेडिट कार्ड.

पण भाऊंना खरी दीक्षा मिळाली ती २०१०च्या ऑक्टोबरात. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या उद्योजक, डॉक्टर वगैरे मंडळींनी एकत्र येऊन एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा. घाऊक खरेदी म्हणून गाड्यांवर सवलत आणि स्टेट बँकेकडून स्वस्तातलं कर्ज. देशभर गाजलं. त्या मंडळींना आपल्या शहराची ऐपत जगाला दाखवायची होती, आणि ती त्यांच्याकडे होती. भाऊंनी धडा वेगळाच घेतला: एकट्यानं घेतलं तर खर्च, दीडशे जणांनी घेतलं तर बातमी. त्यांनी कॉलनीत प्रेशर कुकरचा ग्रुप काढला. दहा कुकर घेतले तर मोठी सूट होती. सात जण तयार झाले. सूट हातची जाऊ नये म्हणून उरलेले तीन भाऊंनी स्वतःच्या नावावर घेतले.

पूर्वी निदान खिशाला तळ होता. तो लागला की भाऊ घरी यायचे. २०१६ साली यूपीआय आलं आणि तळच गेला. पैसे मोजून देताना हाताला जे काही जाणवायचं ते बंद झालं. 'टिंग' वाजलं की वस्तू आपली. रात्री दोनला सेल लागला तर भाऊ पावणेदोनचा गजर लावून उठायचे. कुरिअरच्या पोरांना आमच्या भागात पत्ता सांगायचा तर 'भाऊंच्या घरापासून तिसरं' असं सांगितलं की पुरतं. आम्हाला साडेतीन मुहूर्त. भाऊंच्या फोनमध्ये रोज एक.

वहिनी मूळच्या बीडकडच्या, दुष्काळात वाढलेल्या. त्या कधी भांडल्या नाहीत. एके दिवशी त्यांनी कार्डाचं बिल आणि पाटी-पेन्सिल घेतली आणि भाऊंना समोर बसवलं. चाळीस हजार थकलेले. भाऊ दर महिन्याला इमानदारीनं 'किमान रक्कम' भरायचे आणि कर्ज फिटतंय या समाधानात झोपायचे.

"व्याज किती?"

"साडेतीन टक्के. फार नाही."

"महिन्याचं की वर्षाचं?"

भाऊंनी कागद डोळ्यांजवळ नेला. महिन्याचं होतं. वहिनींनी मांडलं: चाळीस हजारांवर साडेतीन टक्के म्हणजे १,४०० रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, २५२. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे २,०००. दोन हजारांतून हे दोन्ही वजा केलं तर मुद्दल फिटलं ३४८ रुपये.

"म्हणजे हे फिटणार कधी?" भाऊंनी विचारलं.

"नातवाला विचारा," वहिनी म्हणाल्या. मुलगी तेव्हा नववीत होती.

आता या शहराबद्दल बाहेरच्यांना एक गोष्ट सांगायला हवी. जायकवाडीचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर. तरी कित्येक वर्षं इथं नळाला पाणी आठवड्यानं यायचं, कधी पाच दिवसांनी, कधी आठ. त्यामुळे इथली प्रत्येक बाई जन्मजात अर्थमंत्री. पाणी आलं की आधी प्यायचं भरायचं, मग स्वयंपाकाचं, मग वापराचं. अंगण धुवायचं ते सगळ्यात शेवटी, उरलं तर. आणि एक ड्रम झाकून ठेवायचा, पाइपलाइन फुटली तर म्हणून. त्याला पाहुणे आले तरी हात लावायचा नाही. ड्रम हलवून पुढचं पाणी येईपर्यंत पुरेल का, हे वहिनी आवाजावरून सांगतात.

"अहो, पगार बी नळासारखाच येतो ना, महिन्यातून एकदा?" वहिनींनी विचारलं. "मग पहिल्याच दिवशी अंगण कामून धुता?"

भाऊ गप्प झाले. कारण ते खरोखर तेच करत होते. सात तारखेला पगार, आठला शाल, नऊला कुकर, आणि वीसला प्यायचं पाणी मागायला आमच्या दारात.

पुढच्या पगारापासून वहिनींनी ड्रम लावले. लग्नपत्रिकांची रिकामी पाकिटं काढली आणि पैसे रोख आणून भरले: किराणा-दूध, वीज-गॅस, फी, सासूबाईंची औषधं. कार्डाची थकबाकी हे सगळ्यात जाड पाकीट. झाकलेला ड्रम म्हणजे पोस्टातली रिकरिंग. तिचे पैसे पगाराच्या दिवशीच जाणार. 'अंगण' लिहिलेल्या पाकिटात भाऊंचे हजार रुपये. ते कुठंही उडवा, हिशेब विचारणार नाही. फोनमधली खरेदीची ॲपं मुलीनं काढून टाकली.

मग आला तो रविवार. भाऊ कारखान्यात फाइव्ह-एसचे ऑडिटर आहेत. या जपानी पद्धतीतला पहिला एस म्हणजे नको ते वेगळं काढणं. शंका असलेल्या वस्तूला लाल टॅग लावायचा आणि मुदतीत वापर झाला नाही तर ती बाहेर. दर महिन्याला भाऊ दुसऱ्यांच्या मशिनपाशी उभं राहून यावर व्याख्यान देतात. त्यांची ती पुस्तिका वहिनींनी वाचली आणि सहा महिन्यांत न वापरलेल्या प्रत्येक वस्तूला लाल फीत बांधली. दुपारपर्यंत घरात फीत नसलेली फक्त गॅसची शेगडी, देव आणि सासूबाई उरल्या. भाऊ सवयीनं ऑडिट करत फिरले, "हा एवढा डेड स्टॉक कुणाचा?" असं मोठ्यानं म्हणाले आणि खाली बसले.

लाल माल रविवारीच जाफर गेटला गेला. कात्री भाऊंनी चारशेला घेतली होती. तोच विक्रेता होता. त्यानं ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "चाळीस. क्या है चाचा, ये चीज आजकल कोई लेता नै." भाऊ म्हणतात, आयुष्यातली सगळ्यात महाग वस्तू त्या दिवशी विकली.

एक आक्षेप मात्र त्यांनी नेटानं मांडला. काटकसरीत शोभा नसते, पैसा सोडल्याशिवाय देखणं काही होत नाही. वहिनींनी पाहुण्यांच्या निमित्तानं त्यांना बीबी का मकबऱ्याला नेलं. या वास्तूला सात लाख रुपये मंजूर झाले होते असं सांगतात. 'तारीखनामा' या ग्रंथात खर्चाचा आकडा आहे ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे. संगमरवर खाली, जिथं माणसाची नजर आणि हात पोचतो तिथं, आणि वर घुमटाला. मधल्या भिंतींना गिलावा. ताजच्या पुढं ठेवून लोक त्याला नावं ठेवतात. पण बजेटात बसवून वर शिल्लक टाकलेली ही इमारत बघायला साडेतीनशे वर्षांनंतरही माणसं तिकीट काढून येतात. भाऊंनी गिलाव्यावर हात फिरवला आणि पहिल्यांदाच वाटेतल्या फेरीवाल्याकडून काही घेतलं नाही.

सगळ्यात गुणकारी ठरला तो नियम म्हणजे 'तीन पाणी'. काही घ्यावंसं वाटलं तर नाही म्हणायचं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं. नळाला तीनदा पाणी येऊन जाऊ द्यायचं. त्यानंतरही हवं वाटलं, तर पाकिटातून रोखीनं घ्यायचं.

भाऊंनी हा नियम अंगीकारला तोही त्यांच्या पद्धतीनं. बचतीच्या पहिल्याच दिवशी ते चामडी बांधणीची हिशेबाची वही, कुलपाचा गल्ला, बोलणारा कॅल्क्युलेटर आणि खर्च नोंदवायच्या ॲपची वर्षाची वर्गणी घेऊन आले. "तीस टक्के सूट होती," म्हणाले. वहिनींनी चारही वस्तूंना फीत बांधली, ॲपची म्हणून फोनलाच.

नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत तर मी डोळ्यांनी पाहिलं. भाऊ एका स्टॉलपुढं उभे, हात खिशाकडे गेलेला. मग त्यांनी खिशातून कागद काढला, वस्तूचं नाव लिहिलं, देवीच्या दिशेनं हात जोडले आणि पुढच्या स्टॉलपुढं उभे राहिले. यात्रा संपेपर्यंत कागदावर सतरा नावं झाली. तीन पाणी उलटल्यावर वहिनींनी यादी वाचून दाखवली. "फिरता लोखंडी हूक" म्हणजे काय, हे आता खुद्द भाऊंनाच सांगता येईना. सतरातली एकच वस्तू टिकली, सासूबाईंसाठी गुडघ्यांचा पट्टा. तो घेतला. घरी येताना भाऊ उदास होते. "भाव करायचा राहिला," म्हणाले.

कार्ड फिटलं. वीस तारखेला भाऊ अजून येतात, हजार रुपयांसाठी नव्हे, आमचं बजेट तपासायला. आमच्या घरातल्या दुसऱ्या कुकरकडे बघून "हा सहा महिन्यांत लागला का?" असं विचारतात. तो त्यांनीच ग्रुपमध्ये गळ्यात मारलेला, हे सांगायचा धीर आम्हाला होत नाही.

भाऊ बदलले असं मी म्हणणार नाही. हात अजून खिशाकडे जातोच; खिशात आता कागद आहे एवढंच. पण खर्चिक माणसाला वस्तू हवी नसते, घेण्याचा तो क्षण हवा असतो, आणि तो क्षण लिहिण्यातही भागतो, हे वहिनींनी कुठलंही पुस्तक न वाचता ओळखलं. ज्यांच्या गावात नळ रोज येतो, त्यांनी मुदत आपली आपण ठरवावी, महिना पुष्कळ झाला. त्याआधी कार्डाची थकबाकी फेडावी. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस; तेवढं व्याज देणारी ठेव या देशातल्या कुठल्याच बँकेत नाही.