अण्णांचं बडोदा

आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत सहल आधी अण्णांच्या वहीतून निघते आणि बहुतेकदा तिथूनच परत येते. गेल्या वर्षी जव्हारला मुकण्यांचा राजवाडा बघायचं ठरलं. त्र्यंबकच्या पलीकडे तर जायचं, पण नियोजन इतकं बारीक झालं की त्यातच पावसाळा संपला.

यंदा बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस. तोही एका दिवसात! जाऊन-येऊन सहाशे किलोमीटरच्या वर होतात, असं कुणी पुटपुटलं की अण्णांचा चष्मा कपाळावर चढतो. "सयाजीराव महाराज कुठले? कौळाण्याचे! मालेगाव तालुका, जिल्हा नाशिक. बारा वर्षांचं पोरगं १८७५ साली जाऊन गादीवर बसलं, आणि तुमची टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये कंबर दुखते?"

वही मी पाहिली आहे. हिरवी शाई, पट्टीने आखलेले रकाने. पहाटे ४.१० पेठ नाका. ४.१३ दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना राहिलेल्या गोळ्या आठवतील, मागे फिरणे. पेठच्या घाटात उलटी, दोन मिनिटं (कुणाची, तेही लिहिलंय). दरबार हॉल अठरा मिनिटं, रविवर्म्याची चित्रं अकरा. बागेपुढे नुसतं 'चालता चालता'. क्यू गार्डनच्या गोल्डरिंगने आखलेली बाग आहे हो, म्हटलं, तर म्हणाले, "झाडं गाडीतूनही दिसतात."

पेच वाराचा पडला. सलूनवाल्या दादांना सुट्टी फक्त सोमवारची, आणि पॅलेसही सोमवारीच बंद. त्यावर तीन बैठका झाल्या. गुजरातेत ठेपले न्यावेत की दशम्या, यावर चौथी. "अहो, आधी गाडी तर ठरवा," वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या. तो रकाना अजून कोरा आहे.

शेवटी मीच मेजर मँटची गोष्ट काढली. या राजवाड्याचा आराखडा त्याचा. आपली आकडेमोड चुकली, इमारत ढासळणार, या धास्तीनं तो खचला, असं सांगतात. १८८१ मध्ये तो गेला, काम पुढे चिझमने पुरं केलं, आणि १८९० पासून वाडा ठणठणीत उभा आहे. म्हणजे अण्णा, फार हिशेब बरा नव्हे.

अण्णा बराच वेळ वहीकडे बघत राहिले.

"त्यानं जादा वेळ धरला नसणार," ते म्हणाले, आणि भरूचच्या चहाची सात मिनिटं खोडून बारा केली.