जिना नेमका कोणाचा?

आमच्या विद्यापीठाच्या आवारात एक इमारत आहे, तळमजला अधिक तीन. कोणतं विद्यापीठ ते विचारू नका. ज्याला त्याला आपलंच वाटेल. तळमजल्यावर परीक्षा विभागाचं गोदाम, म्हणजे उत्तरपत्रिकांचे छताला टेकलेले गठ्ठे. पहिल्यावर व्यवस्थापनशास्त्र विभाग. दुसऱ्यावर दूरशिक्षण. तिसऱ्यावर विधी महाविद्यालय, 'स्वतःची इमारत होईपर्यंत तात्पुरतं'. तात्पुरतं आलं तेव्हाचे काही विद्यार्थी आता तिथेच निवृत्तीला आलेत. शिवाय रविवारी स्पर्धा परीक्षा आणि पाच वर्षांतून एकदा मतपेट्या असतातच.

एवढ्यांना मिळून जिना एकच. म्हणजे आहेत दोन, पण दुसऱ्याकडे नंतर वळू.

या जिन्यातला दिवा दिवाळीत गेला. विधी महाविद्यालयाने दुसऱ्याच दिवशी पत्र दिलं, कारण त्यांचे तास संध्याकाळी असतात. व्यवस्थापनशास्त्राने कळवलं की आमचा मीटर वर्गखोल्यांपुरता, जिना त्यात येत नाही. दूरशिक्षणाने कळवलं की आमचे विद्यार्थी दूर असतात, त्यांना जिना लागत नाही. परीक्षा विभाग तळमजल्यावर. त्याने नस्ती 'सविनय परत' केली. मग ती अभियांत्रिकी शाखेकडे गेली. तिथे प्रश्न निघाला की दिव्याची नोंद डेडस्टॉक नोंदवहीत आहे का? नसेल, तर जो दिवा कागदोपत्री कधी लागलाच नव्हता तो जाईल कसा? आणि असेल, तर आधी जुन्याचं निर्लेखन करा, त्यासाठी समिती नेमा. समिती नेमली. समितीने जागेची पाहणी केली. दुपारी बारा वाजता. 'जिन्यात पुरेसा उजेड आढळला', असं इतिवृत्तात आहे.

कायद्यात मात्र सगळं स्वच्छ लिहिलंय. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन अधिकाऱ्यांना द्यायचं, की आमची यंत्रणा चालू स्थितीत आहे. विद्यापीठ म्हणतं, मालक आम्ही असलो तरी भोगता तुम्ही. विभाग म्हणतात, आम्ही खोल्या भोगतो. जिना आम्ही भोगत नाही, सोसतो. विधी महाविद्यालयाने तर आपण भोगवटादार नसून 'केवळ वापराची मुभा असलेला पक्ष' कसे आहोत, यावर चौदा पानी अभिप्राय दिला. या सगळ्या प्रकरणात वेळेवर झालेलं काम तेवढंच.

मग जानेवारीत एक मुलगी अंधारात पाय घसरून पडली. घोट्याला प्लास्टर. चौकशी समितीपुढचा पहिला प्रश्न: कितव्या पायरीवर? पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामध्ये बावीस पायऱ्या, अकरावीनंतर चौक. चौकाखालचा भाग व्यवस्थापनशास्त्राचा आणि वरचा दूरशिक्षणाचा, असं एक जुनं पत्रही सापडलं. मुलगी तेराव्या पायरीवर घसरली आणि आठवीवर थांबली. घसरण्याची जबाबदारी एका विभागाची, लागण्याची दुसऱ्याची. आणि ती स्वतः तिसऱ्या मजल्याची असल्याने विमा त्यांनी बघावा. समितीतल्या एका सदस्यांनी तिला शांतपणे विचारलं, "बाळ, तू रेलिंग का नाही धरलंस?" रेलिंग मागच्या निवडणुकीत मतपेट्या वर चढवताना काढलं होतं. बसवायचं कोणी, याची नस्ती वेगळी आहे.

पुढची तक्रार जास्त गंभीर होती. अंधाराचा फायदा घेऊन जिन्यात कोणीतरी मुलींना मुद्दाम धक्के देतं. अशा तक्रारींसाठी 2013चा कायदा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015चे विनियम आहेत. इमारतीत अंतर्गत समित्या एक सोडून तीन आहेत, तिन्हींचे फलक मोठ्या अक्षरांत, सदस्यांच्या फोन नंबरांसह. पैकी दोन नंबर बदलून गेलेल्यांचे. तिन्ही समित्यांनी स्वतंत्र बैठका घेतल्या आणि तिघींचं एकमत झालं, की बाब अतिशय गंभीर असून ती उरलेल्या दोघींच्या अखत्यारीत येते. उपाय मात्र तातडीने झाला. परिपत्रक निघालं: विद्यार्थिनींनी सायंकाळी सहानंतर इमारतीत थांबू नये. अंधारावर आणि धक्के देणाऱ्यावर तशी काही वेळेची मर्यादा नाही. संध्याकाळच्या तासांच्या हजेरीचं काय, असं एका मुलीने विचारलं, तर तिला सांगितलं, की हजेरी 75 टक्केच लागणार, नियम म्हणजे नियम.

आता तो दुसरा जिना. तो इमारतीच्या मागे, लोखंडी, आणीबाणीत बाहेर पडण्यासाठी. तिन्ही मजल्यांवर त्याच्या दारांना कुलूप. कारण लेखी दिलंय: 'सुरक्षेच्या दृष्टीने'. तोंडी कारण असं की तिथे जोडपी बसतात. चावी अधीक्षकांकडे, अधीक्षक मतदार यादीच्या कामावर. तिसऱ्या मजल्यावर तर त्या दारासमोर ग्रंथालयाचं कपाटच उभं केलंय. त्यात निकालांचे खंड आहेत.

त्या खंडांत 2009चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकालही आहे. तमिळनाडूतल्या कुंभकोणमला 16 जुलै 2004 रोजी शाळेला आग लागून 94 मुलं गेली, त्यावरच्या याचिकेचा. तिथेही एकाच इमारतीत एकाहून अधिक शाळा भरत होत्या. छप्पर झावळ्यांनी शाकारलेलं, जिना अरुंद. न्यायालयाने सांगितलं, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो. दहा वर्षांनी, 24 मे 2019 रोजी, सुरतेच्या तक्षशिला आर्केडमधली मुलं वरच्या मजल्यावरून उड्या टाकताना सगळ्या देशाने मोबाइलवर पाहिली; त्या आगीत 22 जीव गेले. तेव्हा आमच्याकडेही खळबळ उडाली होती. परिपत्रक आलं, पोच दिली, पोचेची झेरॉक्स फाइलला लागली. त्या आठवड्यात मागच्या जिन्याचं कुलूपही बदललं. जुनं गंजलं होतं, नवं मजबूत आहे.

अग्निसुरक्षेची रंगीत तालीमही झाली, असं कोणी म्हणू नये की झाली नाही. विद्यार्थ्यांची गैरसोय नको म्हणून रविवारी घेतली. इमारत सव्वा मिनिटात रिकामी झाली. होते दोघंच, रखवालदार मामा आणि झाडूवाल्या मावशी. मावशींनी विचारलं, आग गठ्ठ्यांना लागली तर वरची पोरं कुठून उतरायची? त्यांचा प्रश्न 'विषयपत्रिकेबाहेरचा' ठरला. नॅकची समिती येणार होती तेव्हा शेजारच्या इमारतीतून सहा अग्निशामक नळकांडी आणून टांगली होती, ती समिती शेजारच्या इमारतीत पोचायच्या आत परत गेली. वाळूच्या लाल बादल्या राहिल्या. त्यांत वाळू कमी आणि पानाच्या पिचकाऱ्या जास्त.

शेवटी पोरांनीच दहा-दहा रुपये काढले, दिवा आणला आणि स्टुलावर चढून बसवला. जिना उजळला. पहिल्या रात्री कोणी पडलं नाही, कोणाला धक्का लागला नाही. दुसऱ्या दिवशी चौघांना नोटीस: विनापरवाना विद्युत जोडणी, सार्वजनिक मालमत्तेत फेरफार, आणि स्टूल व्यवस्थापनशास्त्र विभागाचं. दिवा जप्त होऊन अभियांत्रिकी शाखेत जमा झाला. तिथे त्याची डेडस्टॉकला रीतसर नोंद झाली.

नव्या सत्रापासून तिन्ही संस्था प्रत्येक विद्यार्थ्याकडून दोनशे रुपये 'जिना सुरक्षा शुल्क' घेणार आहेत. भरल्याशिवाय हॉलतिकीट नाही. भरण्याची खिडकी तिसऱ्या मजल्यावर, वेळ सायंकाळी साडेसहा ते साडेसात. विद्यार्थिनींनी सोबत पालकांना आणावं.