बारा महिन्यांचे पोट

वजन उतरवण्याचा कुठलाही तक्ता काढून पाहा, तो बहुधा बारा आठवड्यांचा असतो. पहिल्या आठवड्यात साखर बंद, दुसऱ्यात मैदा बंद, तिसऱ्यात तळण बंद, असे करत गेले की बाराव्या आठवड्यात जुनी पँट कमरेवर चढते. तक्ता करणाऱ्याच्या सद्भावनेबद्दल मला शंका नाही. शंका एवढीच, की त्याने मराठी पंचांग कधी उघडून पाहिले होते का? या पंचांगात सलग बारा आठवडे मोकळे सापडत नाहीत. पाडव्याचे श्रीखंड संपते न संपते तोच आंब्याची पेटी घरात येते, आणि पेटीतले आंबे एकदम पिकायला लागले की आमरस ही चैन उरत नाही, ते घरातल्या प्रत्येकाचे कर्तव्य होते. आषाढ तर तळण्यासाठीच राखलेला. श्रावणात उपवास, ज्यांच्याबद्दल पुढे सविस्तर बोलावे लागेल. भाद्रपदात मोदक, गौरींची पुरणपोळी, आणि लगेच पितृपक्ष, ज्यात पितरांच्या नावाने वडे आणि खीर जिवंत माणसे खातात. मग दसरा, कोजागिरी, दिवाळी, लग्नसराई, हुरडा, गुळाची पोळी, होळी. सणांच्या मधल्या फटींत वाढदिवस बसवलेले असतात आणि त्यातूनही जे दिवस उरतात त्यांना आपण रविवार म्हणतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की कुठल्याही आहाराची परीक्षा बारा महिन्यांची घ्यावी. जो आहार आंब्यातून, गणपतीतून आणि दिवाळीतून तगून पुढच्या पाडव्याला पोचतो तो चांगला. मग त्याचे नाव काहीही असो. यावर पहिला आक्षेप येतो तो निष्ठावंतांचा. महाराष्ट्रात या विषयात दोन घराणी आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. ऋजुता दिवेकर सांगतात, थोड्या थोड्या वेळाने खा, घरचे खा, आपल्या भागात पिकते ते खा, आणि तुपाला भिऊ नका. एकाच घरात सासरे दीक्षितांचे आणि सूनबाई दिवेकरांच्या असल्या तर गॅस दिवसभर विझत नाही. दोन्हीकडचे लोक उतरलेले किलो पुराव्यादाखल मांडतात, आणि गंमत म्हणजे दोघेही खरेच बोलत असतात. २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ माणसांना दोन गटांत विभागून एका गटाला कमी चरबीचा आणि दुसऱ्याला कमी पिष्टाचा आहार वर्षभर दिला. वर्षअखेर एका गटाचे सरासरी ५.३ किलो उतरले, दुसऱ्याचे ६. हा फरक नगण्य ठरला. पण प्रत्येक गटाच्या आत मात्र कुणी पंचवीस किलोंच्या वर उतरले होते आणि कुणी उलट वाढले होते. त्याआधी २००५ साली बॉस्टनमध्ये १६० जणांवर चार गाजलेले आहार वर्षभर लावून पाहिले, तेव्हाही हेच दिसले: कोणता आहार यापेक्षा तो किती पाळला याचा वजनाशी संबंध जास्त. सासरे आणि सूनबाई यांच्यातला वाद त्यामुळे निकालात निघतो असे नाही, पण निदान भांडायला दुसरा विषय शोधावा लागेल.

सणांनी वजन वाढते, हे तर कुणालाही मान्य होईल. किती वाढते याचा अंदाज मात्र सगळ्यांचाच चुकतो. अमेरिकेत १९५ प्रौढांची वजने थँक्सगिव्हिंगच्या आधीपासून नवीन वर्षानंतरपर्यंत घेतली गेली. तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. सणासुदीच्या दीडेक महिन्यात सरासरी वाढ निघाली जेमतेम ३७० ग्रॅम. लोकांना स्वतःला वाटत होती त्याहून ती फारच कमी होती. हे वाचून कुणी लगेच डब्यातली दुसरी चकली काढेल, म्हणून पुढचे वाक्य घाईने सांगतो: ही वाढ नंतर उतरत नाही. दर वर्षी दीड पाव येतो आणि मुक्काम करतो. पाहुणा म्हणून आलेला हा ऐवज वीस वर्षांत घराचा मालक होतो. आणि हे झाले वर्षात एकच सणांचा हंगाम असलेल्या लोकांचे. आपल्याकडे एका हंगामाचे उतरायच्या आत दुसरा उभा असतो, आणि प्रत्येकात आग्रह असतो तो वेगळाच. पुरणपोळी वाढणारी बाई नीट पाहा. डाव्या हातात ताट, उजव्या हातात पोळी. पाहुणा दोन्ही तळवे पानावर आडवे धरतो. ती म्हणते, "अर्धीच वाढते हो भावजी." भावजी अर्धी म्हटल्यावर एक तळवा काढतात आणि त्या फटीतून अख्खी पोळी पानात येते, वर तुपाची धार. या क्षणी बारा आठवड्यांच्या तक्त्याला काहीही म्हणता येत नाही, कारण त्यात "नाही" एवढे एकच उत्तर छापलेले असते. वर्षाचा विचार करणाऱ्याला निदान ती पोळी खाऊन भात सोडता येतो, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे जेवता येते. सगळा घोटाळा या दुसऱ्या दिवसाचा आहे. एक पोळी खाल्ली, आता व्रत मोडलेच, मग दिवाळीपर्यंत होऊ दे, असे म्हणणाऱ्यांच्या पोटात पोळीपेक्षा हा 'होऊ दे' जास्त साठलेला असतो.

आता उपवास. आपल्या परंपरेतच संयम आहे, परदेशी डाएटची गरज काय, असा आक्षेप घेणारे ज्येष्ठ असतात आणि त्यांच्यासमोर साबुदाण्याच्या खिचडीची बशी असते. एका बशीत साधारण साठ ग्रॅम साबुदाणा, पंचवीस-तीस ग्रॅम दाण्याचे कूट, चमचाभर तूप आणि बटाट्याच्या फोडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. दाण्यात निम्मे तेल. सगळे मिळून पाचशे कॅलरी सहज ओलांडतात. त्याच माणसाने रोजच्या दोन पोळ्या, वाटीभर आमटी आणि भाजी खाल्ली असती तर हिशेब चारशेच्या आसपास राहिला असता. शिवाय खिचडीने भागत नाही. मागून वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि बटाट्याचा कीस येतो. "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण कॅलरी मोजण्याची पद्धत निघण्यापूर्वीची असली तरी अचूक आहे. (साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही मंडळी मूळची अमेरिका खंडातली, आपल्या उपवासाला ती कशी चालली, हे देवालाच विचारायला हवे.)

तरीही परंपरेच्या बाजूने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगी न खाणारी घरे चार महिने खरोखर खात नाहीत. त्याआधी कांदेनवमीला भज्यांची परात भरते, सोमवारपासून डाएट करणारा माणूस रविवारी जेवतो तशीच. पण पुढचे चार महिने कांदा घरात येत नाही. चार महिने! जिमची वर्षाची फी भरणारे पुष्कळ जण चार आठवड्यांत गळतात. इथे जमते कारण निश्चय एकट्याच्या मनाचा नसतो, पिशवी घेऊन बाजारात जाणाऱ्याचाही असतो. कांदा टोपलीत नाही, म्हणून तो खाऊ नये यासाठी मनोनिग्रह खर्चावा लागत नाही. हीच युक्ती खारी, बटर, फरसाण आणि बिस्किटांना लावता येईल. २०१९ साली संशोधक केविन हॉल यांनी वीस जणांना दवाखान्यात ठेवून दोन आठवडे कारखान्यातले तयार अन्न आणि दोन आठवडे साधे शिजवलेले अन्न पोटभर दिले. ताटात साखर, चरबी, मीठ दोन्हीकडे सारखे ठेवले. तयार अन्नावर माणसे रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खाऊन गेली, कुणीही आग्रह केला नसताना. चहाच्या कपाशेजारची बशी रिकामी ठेवली तर वर्षातले तीनशे दिवस सुधारतात, आणि मग दिवाळीशी तंटा करण्याचे कारण राहत नाही.

घाई असलेला वाचक इथे विचारेल, पण झटपट होत असेल तर का करू नये? झटपट होते, यात वाद नाही. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या स्पर्धेतले चौदा स्पर्धक ३० आठवड्यांत सरासरी ५८ किलोंनी उतरले. सहा वर्षांनी पाहिले तर ४१ किलो परत आले होते, आणि त्यांची शरीरे अपेक्षेपेक्षा रोज सुमारे पाचशे कॅलरी कमी खर्च करत होती. उपासमारीच्या आठवणीने शरीर कंजूष झाले ते झालेच. मग वजन उतरवणारी इंजेक्शने आहेतच की, हा हल्लीचा आक्षेप. त्यातल्या सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी पंधरा टक्के वजन उतरले. ज्यांना खरी गरज आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून ते जरूर घ्यावे, त्यात कमीपणा नाही. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातले दोन-तृतीयांश परत आले. म्हणजे सुईलासुद्धा पंचांग चुकले नाही.

राहिला व्यायाम. त्याच्याबद्दल दोन टोकाचे गैरसमज आहेत. पहिला, की चालले की काहीही खाता येते. सत्तर किलोंचा माणूस अर्धा तास झपझप चालला तर दीडशेच्या आसपास कॅलरी जातात, आणि टेकडीच्या पायथ्याशी एका वडापावात त्या दुपटीने परत येतात. सकाळच्या फिरण्याची सांगता जिथे इडली-वडा-सांबाराने होते, तिथे फिरणे हे भूक लागण्याचे साधन समजावे. दुसरा गैरसमज पहिल्याचे गणित कळल्यावर होतो: मग चालायचेच कशाला? चालायचे ते उतरलेले वजन टिकवायला. त्याच चौदा स्पर्धकांत ज्यांचे वजन त्यातल्या त्यात कमी परतले, ते हालचाल वाढवून ती चालू ठेवणारे निघाले. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटे मागते, म्हणजे रोज बावीस मिनिटे; टीव्हीवरच्या एका मालिकेचा भाग जाहिराती वगळून तेवढाच असतो. आणि ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी शतपावली आहे. न्यूझीलंडमध्ये टाइप-२ मधुमेहाच्या ४१ रुग्णांना एकदा दिवसातून केव्हाही तीस मिनिटे आणि एकदा प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटे चालायला सांगितले. जेवणानंतर चालण्याने साखर जास्त आटोक्यात राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर सर्वांत जास्त. अभ्यास साखरेचा आहे, वजनाचा नाही, हे मान्य. पण जेवल्या जेवल्या सोफ्यावर आडवे होण्याच्या बाजूने अजून एकही अभ्यास माझ्या वाचनात नाही.

शेवटचा आक्षेप सडपातळ लोकांचा: आम्ही कुठे जाड आहोत? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांचा शेजारी शेजारी उभे राहून काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. वरून बारीक आणि आतून जाड असा आपला बांधा पुण्याच्या माणसाने स्वतःच्याच अंगावर दाखवून दिला. तेव्हा शर्ट सैल होतो एवढ्यावर विसंबू नका. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० च्या पुढे गेली की बांध्याची सबब चालत नाही. येत्या दिवाळीत करंज्या मोजून खा, असे मी सांगणार नाही, कारण कुणी ऐकणार नाही. फक्त तुळशीचे लग्न लागले की दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभे राहा, आकडा दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा, आणि पुढचे लग्न जेवायला जाण्यापूर्वी तो पुन्हा एकदा वाचा.