नानांचा खटारा

आमच्या सोसायटीतल्या नानांकडे १९७५ची पद्मिनी मोटार आहे. वॉचमन तिला 'डबा' म्हणतो, पोरं 'खटारा', तळमजल्यावरचे निवृत्त मामलेदार 'डबडं' आणि नानी नुसतं 'तुमचं ते'. रविवारी भंगारवाला नेमका तिच्याशेजारी थांबून आरोळी जरा जास्तच लांबवतो. नाना पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "पुढे हो."

यातलं एकही नाव नानांना झोंबत नाही. "खटारा म्हणवून घ्यायला आधी चालावं लागतं," ते म्हणतात. "उभं राहतं ते भंगार."

आणि ती चालते. चोक ओढायचा, दोनदा रेस द्यायची, तिसऱ्यांदा देवाचं नाव. गिअर स्टिअरिंगलाच, तो कुठे पडला हे नानांना हाताला कळतं, आपल्याला पोटाला. हॉर्न फक्त डावीकडे वळताना वाजतो. उजवीकडे नाना स्वतः ओरडतात. मागचं दार बाहेरूनच उघडतं, त्यामुळे नानांची गोष्ट संपल्याशिवाय पाहुणा उतरू शकत नाही.

२०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. नाना दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी कुर्ल्याला जाऊन पिशवीभर सुटे भाग घेऊन आले. जिचा कारखाना कुर्ल्यात होता, तिचं बाळंतपण अजून कुर्ल्याच्याच भंगारबाजारात होतं! (ती पिशवी तांदळाच्या डब्यामागे सापडल्यावर नानींनी काय म्हटलं ते इथे छापण्यासारखं नाही.)

नानांना चिडलेलं मी एकदाच पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर नवीन आलेला आयटीवाला मुलगा कौतुकाने म्हणाला, "काका, काय भारी विंटेज आहे!"

"विंटेज? कुणाला म्हणतोस?" नाना कडाडले. २०२१चा नियम त्यांना तोंडपाठ. पन्नाशी उलटलेली, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. पण मग ती प्रदर्शनाला न्यायची, रॅलीत मिरवायची, रोज रस्त्यावर काढायची नाही. "म्हणजे हिला हार घालून भिंतीला टांगू? मंडईतून कोथिंबीर कोण आणणार? तुझा बाप?"

दार आपटून (दोनदा, पहिल्यांदा लागत नाही) नाना निघाले आणि गेटपाशी गाडी बंद पडली.

"ए विंटेज," खिडकीतून आवाज आला, "मागे जा. धक्का मार."