पाटीबाईसाहेबांस एका ड्रायव्हरचे खुले पत्र

प्रति,
मा. ‘अवजड वाहनांस प्रवेश बंद’ पाटीबाईसाहेब,
मुक्काम : शहराची हद्द, उड्डाणपुलाच्या अलीकडे, डाव्या हाताला.

स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आज माझ्याकडे वेळ भरपूर आहे. तो आपणच दिलेला, म्हणून त्यातला थोडा आपल्याच पायाशी वाहतो. सकाळी सहा ते रात्री दहा आमच्यासारख्यांनी शहरात चाक घालायचं नाही, असा आपला हुकूम. घोडबंदरच्या कोंडीने खोटी केली नसती तर मी पाचलाच आत शिरलो असतो. पोचलो सहा वाजून वीस मिनिटांनी. वीस मिनिटांच्या उशिराला जवळजवळ सोळा तासांची सजा. कोर्टातसुद्धा इतका चटकन निकाल लागत नाही.

खरं तर आपला हुकूम वाचायची सोय राहिलेली नाही. आपल्या निम्म्या तोंडावर कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. वर ‘अवजड’ एवढंच दिसतं आणि खाली हात जोडून हसणारे साहेब. नवखा ड्रायव्हर साहेबांना नमस्कार करून आत जातो आणि पुढच्या चौकात चलान घेतो. आम्ही जुने, आम्हाला आपण तोंडपाठ.

गाडीत मोरबीची फरशी आहे. मागे एकदा रावेरची केळी होती, तेव्हा आपण मला भरदिवसा सोडलं होतं. दूध, भाजी, फळं, इंधन, औषधं हे सगळं अत्यावश्यक. फरशी नाही. बाईसाहेब, गाडी तीच, टायर तेवढेच आणि ड्रायव्हरही तोच. केळ्यांच्या घडांनी मी हलका झालो असेन, दुसरं काय! मात्र हे त्या बिल्डरच्या माणसाला आपणच समजावून सांगा. ‘कारागीर बसून आहेत, कुठे मेलास?’ म्हणून त्याचे सकाळपासून फोन चालू आहेत. त्याच्या लेखी आज फरशीइतकं अत्यावश्यक जगात काही नाही. पुढच्या वर्षी त्या इमारतीत राहायला येणारी मंडळी ह्याच फरशीवर खुर्च्या मांडतील, सोसायटीची पहिली सभा घेतील आणि एकमताने ठराव करतील, की समोरच्या रस्त्यावरून ट्रक जाता कामा नयेत.

बरं, रात्री दहाला आपण मेहेरबान होता. रांगेतल्या सगळ्या गाड्या एकदम सेल्फ मारतात, धुराचा लोट उठतो आणि आम्ही आत जातो. साइटवर वॉचमन खाटेवर पडल्या पडल्या सांगतो, ‘माल सकाळी दहानंतर.’ हमालही त्याच सुमाराला येणार. म्हणजे आत जायची परवानगी असते तेव्हा माल उतरवून घ्यायला कुणी नसतं आणि माल उतरवून घ्यायला माणसं असतात तेव्हा आत जायची परवानगी नसते. तोवर गाडी कडेला लावावी, तर तिथे आपली धाकटी बहीण ‘नो पार्किंग’ उभी. कसाबसा दुपारपर्यंत माल खाली केला, की बाहेर पडायला पुन्हा रात्रीचे दहा. रिकामी गाडीसुद्धा आपल्या हिशेबात अवजडच. तिकडे हमालीवरून वाद ठरलेला. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही आमच्या लोकांची घोषणा किती वर्षं चालली आहे! घोषणा आमची, हमाली आमची आणि फुटलेल्या पेट्यांचे पैसे आमच्या भत्त्यातून.

आता मुदतीचं ऐका. जीएसटीच्या ई-वे बिलाचा नियम असा, की दोनशे किलोमीटरला एक दिवस. 1 जानेवारी 2021 च्या आधी शंभर किलोमीटरलाच एक दिवस मिळायचा. मोरबीहून इथवर आठशेच्या आसपास, म्हणजे चार दिवस झाले. शेठ म्हणतो, दीड दिवसात पोच. कॉम्प्युटर मला माणूस समजतो आणि शेठ मला कॉम्प्युटर समजतो. पण आपल्यासमोर येऊन उभं राहिलं, की कॉम्प्युटरची दयाही कामाची नाही, त्याचं घड्याळ चालूच. इथे एक दिवस, आत एक दिवस, त्यात वाटेत टायर बसला तर मुदत संपते. ती वाढवता येते, नाही असं नाही. संपायच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांत. फक्त त्या वेळी शेठने फोन उचलायला हवा.

कामाच्या तासांचाही कायदा होता, आणि तो आमच्या गाडीपेक्षा जुना होता. मोटर परिवहन कामगार अधिनियम, 1961; तो 2025 पर्यंत चालला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. फार लांबचा पल्ला असला तर दहा आणि चोपन्न. अट एवढीच होती, की मालकाकडे पाच किंवा जास्त कामगार हवेत. आमच्या शेठकडे चारच होते, बाकीची सगळी ‘घरचीच मुलं’. आणि समजा लागू झाला असता, तरी स्टिअरिंग फिरतं तेवढंच काम, ही इथली रीत. आपल्यासमोरचे तास कुणाच्याच वहीत चढत नाहीत. ती माझी सुट्टी!

ही सुट्टी कशी जाते, ते आपण रोज बघताच. लोखंडी टॉमीने टायर ठोकून बघायचे. ताडपत्रीचे दोर आवळायचे. कॅन घेऊन पंपावर जायचं. डिझेल टाकलं असेल तर तिथला माणूस नळ दाखवतो, नसेल तर बंद पडलेला दाखवतो. केबिनमध्ये स्टोव्हवर खिचडी लावायची. संडासाला सर्व्हिस रोडच्या पलीकडे, झुडपांच्या कृपेने. पूर्वी क्लीनर असायचा, एकाने झोपायचं, एकाने गाडी राखायची. आता क्लीनर परवडत नाही असं शेठ म्हणतो, आणि ह्या पगारात येत नाही असं क्लीनर म्हणतो. त्यामुळे डोळा लागला, की कुणीतरी टाकीत नळी घालतं. तेवढ्यात दारावर दंडुका वाजतो. एकदा वाजला तर गाडी पुढे घ्यायची असते. दोनदा वाजला तर काच खाली करायची असते, आणि त्याचा दर ठरलेला आहे.

वर ऊन. 2025 साली नव्याने बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, ही चांगली गोष्ट, मी मनापासून म्हणतो. आमची गाडी त्याच्या बऱ्याच आधी जन्माला आली, हा तिचा दोष.

असा दिवसभर शिजलेला माणूस आपण रात्री दहाला शहरात सोडता, हे मात्र मला कळत नाही. दिवसा उजेडी, झोप झालेला चालत नाही. रात्री अंधारात, न झोपलेला चालतो. उद्या काही बरंवाईट झालं, तर पेपरात ‘चालकाचा ताबा सुटला’ एवढं एक वाक्य येईल. चालक त्याआधी किती तास जागा होता, हे त्या वाक्यात बसत नाही.

आपल्या गोतातल्या बाकीच्यांबद्दल माझी तक्रार नाही. ‘वाहने सावकाश हाका’ हे थोरले बंधू सभ्य आहेत. ‘अति घाई संकटात नेई’ आणि ‘मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक’ ही बांधकाम खात्यातली कविमंडळी; घाटात सोबतीला बरी. आमची म्हणून एकच पाटी होती, गाडीच्या ढुंगणावरची, ‘हॉर्न ओके प्लीज’. 2015 साली महाराष्ट्र सरकारने तिच्यावर बंदी घातली. का, तर ती वाचून लोक उगाच हॉर्न वाजवतात. आमच्या पाटीचं लोक इतकं ऐकत होते, हे आम्हालाही तेव्हाच कळलं.

एकदाच आपली सत्ता डळमळली होती, आठवतं? जानेवारी 2024. नव्या न्याय संहितेत जीवघेण्या अपघातानंतर न कळवता पळून गेलेल्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद असं कलम आलं. पळणं वाईटच, पण थांबलेल्या ड्रायव्हरचं जमाव काय करतो, तेही आम्ही पाहिलंय. गाड्या उभ्या राहिल्या, टँकरही उभे राहिले आणि अख्खं शहर पंपावर रांगेत आलं. चर्चेचं आश्वासन मिळालं, संहिता 1 जुलैला लागू झाली, ते एक पोटकलम तेवढं मागे ठेवलं गेलं. त्या दोन दिवसांत आपण इथेच उभ्या होतात आणि प्रवेश मागायला कुणीच येत नव्हतं. शहराला ते मानवलं नाही.

तेव्हा विनंती अशी, की आपण खुशाल उभ्या राहा. सकाळी शाळेच्या मुलांमध्ये बारा टायरची गाडी घालण्याची मलाही हौस नाही. फक्त आपल्या अलीकडे गाड्या लावायला थोडी सपाट जागा असू द्या. शहरांच्या विकास आराखड्यात ट्रक टर्मिनससाठी आरक्षण टाकलेलं असतं. इथलं ते मंगल कार्यालयाच्या लॉनखाली गेलंय, असं चहावाला सांगतो. दुसरी जागा बघा. तिथे दिवा, संडास, आंघोळीची सोय आणि एक रखवालदार द्या. आणि रात्री गाडी आत सोडणार असाल, तर रात्रीच माल उतरवून घ्यायला गोदामवाल्यांना आणि बिल्डरांना भाग पाडा. हे आपल्या हातात नसेल, तर ज्यांनी आपल्याला इथे उभं केलं, त्यांना हे पत्र दाखवा.

कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
बारा टायरी गाडीचा ड्रायव्हर
(सध्या आपल्याच समोर)

ता. क. : नळ बसवाल, त्याला पाणीही असावे.